विरोधी वकिलांना दिलेला तिळगूळ

आधीच माफी मागतो. दोह्यातल्या मराठी मंडळींच्या अंकासाठी "कायद्याविषयी काहीतरी माहितीपूर्ण लिहून द्या" असा निरोप मला आला, तो मी वकिलांच्या ऑफिसात काम करतो म्हणून. मी तिथे फाइली लावतो. त्या फाइलींवर नंबर घालतो, झेरॉक्स काढतो आणि पाकिटं पोचवतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि तीही अजून पुरती चढलेलो नाही. मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे, परीक्षेला रजा टाकून गावी जातो. अशा माणसाने लेख लिहायला बसावं हा आगाऊपणाच. त्यातून मला कायद्यातली एकच गोष्ट नीट माहीत आहे, ती म्हणजे अमेरिकेतल्या वकिलाला स्वतःला तज्ज्ञ कधी म्हणवून घेता येतं. आणि तीही माहीत आहे, कारण त्या कामात मी एक घोळ घातला. कोणाचंही नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना मराठी येत नाही, पण कुणाकडून तरी वाचून घेतील आणि दुरुस्त्या पाठवतील, अशा त्या आहेत.

त्या म्हणजे आमच्या मॅडम. अमेरिकन, पन्नाशीच्या पुढे, आणि बांधकामाच्या भांडणांतल्या वकील. टॉवरच्या काचा गळल्या, पार्किंगच्या भिंतीला भेग गेली, पाइप उलट्या उताराने टाकला, की कंत्राटदार आणि मालक एकमेकांवर कागद फेकू लागतात. ते कागद वाचायचं काम मॅडम वीस वर्षं करत होत्या. ऑफिस एका मोठ्या परदेशी फर्मची छोटी शाखा होतं. माझा मामा तिथे ड्रायव्हर, त्याच्या शब्दावर मी तिथे लागलो. अल हिलालला एका फ्लॅटमधल्या खोलीत मी आणि मामा राहतो.

एका सकाळी मॅडमनी मला स्टोअररूममधले जुने खोके उघडायला सांगितले. गेल्या काही वर्षांत त्यांनी स्वतः हाताळलेलं प्रत्येक बांधकामाचं प्रकरण शोधायचं, त्यात त्यांनी नेमकं काय केलं हे एका तक्त्यात भरायचं.

"कशासाठी, मॅडम?"

"मला बांधकाम कायद्याची तज्ज्ञ व्हायचंय."

मला वाटलं गंमत करतायत. म्हटलं, "तुम्ही तर आहातच."

"आहे. पण म्हणता येत नाही."

मग त्यांनी समजावलं. त्यांच्या राज्यात वकील कोणतंही काम करू शकतो, पण आपण अमुक विषयातले तज्ज्ञ आहोत असं दारावर, कार्डावर, वेबसाइटवर लिहायचं असेल तर त्याला राज्याच्या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याशिवाय तो शब्द वापरला तर तक्रार होऊ शकते.

मला आमच्या तालुक्याच्या कोर्टासमोरचा बोर्ड आठवला. त्यावर लिहिलंय, 'दिवाणी, फौजदारी, महसूल, अपघात व घटस्फोट तज्ज्ञ. टायपिंग व झेरॉक्स करून मिळेल.' ते वकीलसाहेब खरोखर सगळ्यातले तज्ज्ञ आहेत. निदान 'कशावरून?' असं त्यांना कोणी विचारायला गेलेलं नाही. आणि इथे वीस वर्षं भेगा मोजणारी बाई एका शब्दासाठी खोके उघडत बसली होती.

तो शब्द त्यांना कशाला हवा होता तेही त्यांनी सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या फर्म सोडून आपल्या गावी परतणार होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं ऑफिस काढणार होत्या. "आमचं गाव लहान आहे. तिथे ह्या फर्मचं नाव कोणाला ठाऊक नाही, आणि माझंही विसरलेत. ते प्रमाणपत्र नसेल, तर मी तिथे फक्त परत आलेली एक बाई."

त्यानंतरचे दोन महिने मी त्या खोक्यांत काढले. नुसती वर्षं भरून चालत नव्हती. त्या वर्षांतलं पुरेसं काम त्याच विषयातलं होतं हे दाखवावं लागत होतं. मॅडम कुठे उलटतपासणी घेत होत्या आणि कुठे नुसत्याच शेजारी बसल्या होत्या, हे वेगवेगळ्या रकान्यांत जात होतं. जिथे शेजारी बसल्या होत्या तिथे त्या स्वतःच काट मारायच्या. शिवाय चालू शिक्षणाचे, म्हणजे वकील झाल्यावरही शिकत राहण्याचे, तास भरायचे होते. जेवणाच्या सुट्टीत मॅडम कंप्युटरवर कुणा प्राध्यापकाचं व्याख्यान लावून सँडविच खायच्या, आणि मी शेजारच्या टेबलावर डबा उघडून माझं राज्यशास्त्राचं पुस्तक वाचायचो. व्याख्यान संपलं की हजेरीचा दाखला यायचा. तो मी प्रिंट करून फाइलीत लावायचो. मला हजेरीचे असे दाखले मिळाले असते तर माझं बी.ए. कधीच झालं असतं.

शेवटी लेखी परीक्षा होती. ती पुढच्या ऑक्टोबरात, त्यांच्या राज्यात जाऊन द्यायची. आणि एवढं सगळं करून मिळणारं प्रमाणपत्र काही वर्षांपुरतंच. मुदत संपली की पुन्हा अर्ज करायचा. मामाला हे ऐकून बरं वाटलं.

"म्हणजे आपल्या लायसन्ससारखंच की. मला वाटलं, फक्त ड्रायव्हरवरच संशय असतो लोकांचा."

सगळ्यात अवघड भाग मात्र वेगळाच होता. मॅडमनी काही वकिलांची आणि लवादात न्यायाधीशाचं काम केलेल्यांची नावं द्यायची होती, ज्यांनी त्यांचं काम जवळून पाहिलंय. मंडळ त्यांना थेट फॉर्म पाठवणार, ते थेट मंडळाला उत्तर देणार, आणि कोणी काय लिहिलं हे मॅडमना जन्मात कळणार नाही. आमच्याकडे स्थळ पाहताना गुपचूप चौकशी करतात ना, पाहुणे शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून 'मुलगा कसा आहे हो?' विचारतात, तसंच. फरक एवढाच की मॅडमनी त्या यादीत चक्क एका विरोधी वकिलाचं नाव दिलं होतं. म्हातारे इंग्रज गृहस्थ, मोठ्या टॉवरमध्ये ऑफिस, दोन वर्षं एका पार्किंगच्या प्रकरणात मॅडमशी भांडत होते.

हे रात्री जेवताना मामाला सांगितलं तर त्याचा घास तोंडाशीच थांबला.

"भांडणातल्या माणसाकडं चांगुलपणाचा दाखला मागितला? बाईंचं डोकं ठिकाणावर हाय का?"

"मॅडम म्हणतात, वकिलाचं काम सगळ्यांत जवळून विरोधी वकीलच बघतो."

"बघतो की. आन् गावभर सांगतो बी. तुझ्या बाबाला विचार, चुलत्याकडनं दाखला आणायला जमंल का म्हणून."

माझे वडील आणि चुलते शेताच्या बांधावरून वीस वर्षं धड बोलत नाहीत, त्यावरचा हा टोमणा होता. 

आता घोळाकडे येतो.

जानेवारीत संक्रांत आली. मामा दर वर्षी तिळाचे लाडू करतो. तीळ सूक वाकिफच्या बाजारातून आणतो, गूळ इंडियन दुकानातून. पाक त्याला कधीच जमत नाही. त्याचे लाडू फोडायला सांडशी लागते, पण हे त्याला कोणी सांगत नाही. मी दर वर्षी डबा घेऊन सगळ्यांना वाटतो, ऑफिसातल्यांना, खालच्या वॉचमनला, ज्यांच्याकडे पाकिटं घेऊन जातो त्या रिसेप्शनवरच्या मुलींना. त्या दिवशी म्हाताऱ्या वकिलांकडे पाकीट पोचवायचं होतं. ते मला नेहमी आत बोलवायचे, चहा द्यायचे. माझ्या अभ्यासाची चौकशी करायचे.

त्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "तुझ्या मॅडमचा फॉर्म आलाय बरं का माझ्याकडे." टेबलावरच पडला होता. बऱ्याच चौकटी होत्या, सगळ्या कोऱ्या.

मी म्हटलं, "हो सर?" आणि डबा उघडून दोन लाडू त्यांच्यापुढे ठेवले. आता तिळगूळ देताना आपण जे म्हणतो ते म्हटल्याशिवाय द्यायचा कसा? नुसता द्यायचा म्हणजे लाडू झाला. म्हणून मी ते वाक्य जमेल तसं इंग्रजीत केलं. "सर, कृपया हे घ्या आणि गोड बोला."

त्यांनी फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणाविषयी?"

"सगळ्यांविषयी, सर. विशेषतः ज्यांच्याशी भांडण झालंय त्यांच्याविषयी."

त्यांनी लाडू उचलले, फॉर्मपासून जरा लांब ठेवले आणि चहा न मागवता माझे आभार मानले. मला वाटलं, घाईत असतील.

दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. समोर म्हाताऱ्या वकिलांकडून आलेला ईमेल होता. मॅडमनी तो मला वाचायला दिला. अतिशय सभ्य भाषेत लिहिलं होतं की, तुमच्या ऑफिसातला एक कर्मचारी आज माझ्याकडे आला. मूल्यमापनाचा फॉर्म माझ्यासमोर असताना त्याने दोन गोल, तपकिरी, कठीण खाद्यपदार्थ दिले आणि 'गोड बोलण्याची' विनंती केली. यामागे काही गैर नसावं अशी माझी खात्री आहे, तरी हे तुमच्या कानावर घालणं मला भाग आहे.

पदार्थ पाकिटात सील करून कुरियरने परत आले होते. लाडूंचा टवकाही उडालेला नव्हता.

"हे तू म्हणालास?"

"हो, मॅडम."

"असंच?"

"मराठीत जास्त बरं वाटतं, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. अर्जदाराने किंवा त्याच्या वतीने कोणी, दाखला देणाऱ्याशी त्या दाखल्याबद्दल काही बोलायचं नसतं, असा नियम होता. आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी फोनवर सल्ला दिला, मिठाई आहे, सोडून द्या, म्हाताऱ्यालाही ते कळतंय. मॅडमनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "मॅडम, पण मी तुमच्या वतीने नाही गेलो. मी संक्रांतीच्या वतीने गेलो."

"तू माझ्या फाइली घेऊन जातोस ना?"

"हो."

"मग तू माझ्या वतीनेच जातोस. लाडू घेऊन गेलास तरी."

त्या स्वतःच मंडळाला सगळं कळवणार होत्या. माझं लेखी निवेदन सोबत जोडायचं ठरलं. आयुष्यातला माझा पहिला कायदेशीर मसुदा तो. विषय अर्धा पाव तीळ. पहिल्या खेपेला मी सूर्याचं मकर राशीत जाणं, थंडीत तिळाचे फायदे, सुवासिनींचं हळदीकुंकू वगैरे तीन पानं लिहिली. मॅडमनी सगळ्यावर एक उभी रेघ ओढली आणि साक्षीदाराला विचारतात तसं विचारायला लागल्या.

"हा पदार्थ सगळ्यांना देतात?"

"हो. ओळखीच्या सगळ्यांना."

"त्या दिवशी आणखी कोणाला दिलास?" मी यादी सांगितली. तेवीस माणसं निघाली. वॉचमनची सहीसुद्धा आणली.

"घेणाऱ्याने बदल्यात काही करावं, अशी अपेक्षा असते?"

इथे मी अडकलो. खोटं बोलायचं नव्हतं. अपेक्षा तर असतेच, आपण तसं तोंडाने म्हणतो. मी म्हटलं, "गोड बोलावं अशी असते, मॅडम."

"आणि लोक बोलतात?"

मी आठवून पाहिलं. माझे वडील आणि चुलते दर संक्रांतीला, आजोबांच्या धाकाने, एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवत आले. ते वाक्यही म्हणतात. वर्षातलं तेवढं एकच धड वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बांधावर शिव्या. मी हे जसं आहे तसं सांगितलं. मॅडम ते टाइप करत गेल्या. निवेदनाच्या शेवटी एक वाक्य आलं, ते मला अजून पाठ आहे. 'माझ्या कुटुंबात सदर पदार्थामुळे घेणाऱ्याच्या बोलण्यात फरक पडल्याचं आजवर आढळलेलं नाही.'

लाडवांचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढला आणि जोडला.

झेरॉक्स मशीनपाशी आमचे मंदूब भेटले. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून ऑफिसचे कागद फिरवून आणणारा माणूस. हे रत्नागिरीकडचे, कतारमध्ये मुरलेले. त्यांनी निवेदन वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"लग्नाचे कागद केले, मयताचे केले, गाडीचे केले. लाडवाचे पहिलेच. शिक्का मारून आणू का?"

"नको म्हणाल्या मॅडम."

"मग खलास. बिनशिक्क्याचा लाडू कोण खरा मानणार?"

मामाला मात्र वेगळंच लागलं. "परत पाठवले? माझे लाडू? तिळगूळ परत येतो तेव्हा माणूस बोलायचा बंद होतो, बाबा. झालं त्या बाईंचं." त्यानंतर मी कुठे पाकीट घेऊन निघालो की तो गाडीच्या काचेतून ओरडायचा, "डबा न्हाई ना घेतलास?"

मंडळाचं उत्तर दोन ओळींचं आलं. निवेदन मिळालं, समितीपुढे ठेवण्यात येईल. परीक्षेला बसायला हरकत नाही. कागदपत्रं, दाखले आणि परीक्षा, सगळ्यांचा निर्णय एकदमच कळवला जाईल. पुढे काहीच नाही.

म्हाताऱ्या वकिलांकडे मी नेहमीसारखा जात राहिलो. चहा बंद झाला होता. एकदा ते स्वतःच म्हणाले, "राग मानू नकोस. निकाल लागेपर्यंत तुला चहासुद्धा देणं मला बरं वाटत नाही." मी म्हटलं, "नाही सर, मला समजतं." आणि खरंच समजत होतं. त्यांनी काय लिहिलं हे विचारायची सोय नव्हती, आणि लिहिलं की नाही हेही. इतका सरळ माणूस माझ्यामुळे अडचणीत आला असेल तर त्याने फॉर्मच परत पाठवला असेल, असं मला रोज वाटायचं. चौकटी कोऱ्याच गेल्या असतील, असंही वाटायचं.

उन्हाळ्यापर्यंत मॅडम परीक्षेची तयारी करत होत्या. एकदा त्यांनी मला प्रश्न विचारायला बसवलं. मी पुस्तकातून वाचायचो, त्या उत्तर द्यायच्या. एकही चुकला नाही. मी म्हटलं, "मॅडम, परीक्षेची तर काळजीच नाही." त्या म्हणाल्या, "नाही. ती एक गोष्ट माझ्या हातात आहे." दुसऱ्या कोणत्या गोष्टीबद्दल म्हणाल्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जूनमध्ये त्या गेल्या. मामाने विमानतळावर सोडलं, मी सामानासाठी बरोबर गेलो. आत जाताना मी तोंडात बरेच दिवस घोळवलेलं वाक्य कसंबसं बोललो, की माझ्या चुकीमुळे जर काही झालं तर...

"ती चूक नव्हती," मॅडम म्हणाल्या. "आणि असलीच तर कागदावर ती माझी आहे. तू अभ्यास कर."

परतताना मामाने गाडी हमरस्त्याला लावली. मग म्हणाला, "आपल्याकडं आपली चूक ज्याच्यावर ढकलावी अशी माणसं असतात. हिच्याकडं त्याला बी माणूस न्हाई."

ऑक्टोबर आला तेव्हा मॅडमची परीक्षा कुठल्या दिवशी आहे ते मला पाठ होतं. माझ्या स्वतःच्या परीक्षेची तारीख मी दोनदा विसरलो होतो. त्या दिवशी ऑफिसात मी चुकीच्या फाइलीत चुकीचे कागद लावले. मग नोव्हेंबर गेला. मॅडमना मेसेज करायची हिंमत होईना, कारण आपण विचारणं म्हणजे त्यांना आठवण करून देणं. मंडळाच्या वेबसाइटवर तज्ज्ञांची यादी असते, ती मी मोबाइलवर बघत राहायचो. बांधकाम कायद्याखालची सगळी नावं माझ्या ओळखीची झाली होती.

इथे एक गोष्ट कबूल करतो, लेखात शोभत नसली तरी. मी रोज देवाला हात जोडताना एक मागणं घालायला लागलो होतो. पास होऊ देत, हे तर होतंच. पण त्याच्या पुढे मी आणखी जोडायचो, की नसेलच व्हायचं तर परीक्षेमुळे होऊ नये, दाखल्यांमुळे नको. परीक्षेची खात्री होती म्हणून तसं म्हणायला माझं काही जात नव्हतं. कुणाच्या वीस वर्षांवर आपण अशी तडजोड करतोय हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होतो. मामा आंघोळीला गेला होता. मोबाइल वाजला. मॅडमचा मेसेज होता, त्यांच्या सवयीप्रमाणे छोटा आणि पूर्णविराम टाकलेला.

दाखले सगळे मंजूर. निवेदनाबद्दल समितीला काहीही विचारायचं नव्हतं. परीक्षेत नापास. पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा बसते आहे.